मार्गदर्शकाचं नाव आधी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

योजना मंजूर झाली. ज्या घरांतून अर्थशास्त्राच्या संशोधनाकडे आजवर कोणी फिरकलं नाही, अशा घरांतल्या बी.ए.च्या मुलांना वर्षभर संशोधनाची संधी द्यायची, दर शनिवारी, आमच्या विभागात. दिल्लीच्या एका संस्थेनं देशभरातली मोजकीच कॉलेजं निवडली, त्यात नागपुरातून आम्ही. नाव मी ठेवलं, 'अंकुर'. समन्वयकही मीच. प्रिन्सिपल सर म्हणाले, "नंदिनी मॅडम, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" खरंच आहे. विभागात आहोतच दोघं, आणि दुसऱ्या सरांना गुडघ्याचं दुखणं आहे.

ही डायरी मुद्दाम आजपासून सुरू करते आहे. उद्या योजनेचा इतिहास लिहायची वेळ आली तर कोणाला शोधाशोध करावी लागू नये.

लगेच तृतीय वर्षाच्या वर्गावर गेले आणि सरळ विचारलं, तुमच्यापैकी वंचित कोण कोण आहे, हात वर करा. एकानंही हात वर केला नाही. न्यूनगंड किती खोल असतो पाहा. वर खापा गावचा पियुष विचारतो, "मॅडम, कशापासून वंचित?" वर्ग हसला. ज्याला हेच माहीत नाही, तो किती वंचित असेल. पहिलं नाव त्याचंच लिहिलं.

बाकीचे पाच मीच निवडले. आडनाव, गाव आणि पायातल्या चपला पाहिल्या की माझ्या लक्षात येतं. जात मी आयुष्यात कधी मानली नाही, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न आला नाही. खापरखेड्याची दीक्षा घेतली. वडील तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहेत. मुलगी फार बोलत नाही, पण बोलली की समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. ही सवय मोडायला हवी.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्घाटन झोकात झालं. बॅनर पियुषनं बांधला, खुर्च्या बाकीच्या मुलांनी लावल्या, दीक्षा आणि सहा जणांतलीच दामिनी यांनी स्वागतगीत म्हटलं. आठवडाभर सराव करून घेतला होता. दीक्षानं सरावाच्या वेळी विचारलंच, "मॅडम, संशोधन कधी सुरू होणार?" म्हटलं, सुरू झालंच आहे की. उद्घाटन झाल्याशिवाय का काही सुरू होतं?

प्रिन्सिपल सर नमनालाच घडाभर तेल घालतात. 'तळागाळातली मुलं' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला, की शेवटी मुलं टाळ्या वाजवायची थांबली. फोटो भरपूर काढले. हल्ली कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकला नकाशा आणि वेळ दिसणारा फोटो लागतो, त्याचं अ‍ॅप मुलांच्याच मोबाइलवर टाकून घेतलं. तंत्रज्ञानाशी ओळख झाली, हाही लाभच.

चहा मुलींनी दिला. नत्थूजी आमचा शिपाई, तो बिचारा आता साठीला आला. मुलं आहेत म्हटल्यावर त्याला कशाला पळवायचं? तो पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

महालक्ष्म्यांच्या जेवणामुळे लिहिणं राहिलं. आज विषय ठरवले. पियुषनं कापूस घेतला. तो दर शनिवारी येताना घरच्या बागेतलं काही ना काही आणतो, कधी लिंबं, कधी संत्री. नको म्हटलं तर त्याचं मन दुखावेल.

दीक्षा म्हणाली, "मॅडम, मी आपल्याच योजनेवर करते म्हणते."

"योजनेवर म्हणजे?"

"आमाले शनिवारचे जे तास भेटतात, त्याच्यात खरंच काय होते, ते. सगळ्यांकडून दर शनिवारी विचारून घेणार. कोणत्या कामाले किती वेळ गेला."

मी तिला सांगितलं की यालाच वेळेच्या वापराचा अभ्यास म्हणतात आणि परदेशात यावर मोठमोठे लोक काम करतात. तिला ते माहीत होतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण मी पूर्ण समजावून सांगितलं. नमुना घराजवळचा निवडला, हेही चांगलं. पहिल्या अभ्यासाला सोपंच घ्यावं.

ग्रंथालयाची किल्ली मागत होती. विभागाचं ग्रंथालय मी गेली कित्येक वर्षं कुलपात जपलंय, म्हणून तर पुस्तकं नवीकोरी राहिली. म्हटलं, बघू.

९ ऑक्टोबर, बुधवार

नॅकच्या फायली डोक्यावर आहेत. 'अंकुर'च्या मुलांना लावलं कामाला. संशोधनाची पहिली पायरी म्हणजे माहितीची मांडणी, आणि माझ्या अकरा फायलींत मांडण्यासारखी माहिती खच्चून भरलेली आहे. शनिवारी दसरा, कॉलेजला सुट्टी, म्हणजे दिवसभर निवांत बसता येईल असं मी सुचवलं.

दीक्षा म्हणाली, "त्या दिवशी नाही जमणार मॅडम. आमच्या घरी बाहेरगावचे लोक उतरतात, दीक्षाभूमीवर येणारे. वीस-पंचवीस माणसं असते."

"अगं, मग रविवारी ये."

"रविवारी ते परत जातात. त्यांचा डबा करून द्या लागते."

पण संशोधन म्हटलं की घरचा त्याग हवाच. मी स्वतः केला आहे. माझ्या गाइडनी माझा पहिला पेपर हैदराबादला स्वतःच्या नावानं वाचला आणि मी खाली बसून प्रोजेक्टरवर त्यांच्या ट्रान्सपरन्सी बदलत होते. सत्तावीस वर्षं झाली, अजून तो दिवस विसरले नाही. मेला माणूस, आता नाही या जगात, पण माझा राग आहे. असो. त्यातूनच शिस्त लागली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्याला दामिनीनं येऊन फायली लावल्या. दीक्षा सोमवारी आली आणि दामिनीला विचारत बसली, शनिवारी किती वेळ कशात गेला. चिकाटी आहे पोरीत.

३० नोव्हेंबर, शनिवार

दीक्षानं निबंधाचा पहिला खर्डा मेलवर पाठवला. वर लिहिलंय, 'मॅडम, कृपया पूर्ण वाचा, यात आपल्याबद्दल आहे.' गोड आहे पोरगी. ऋणनिर्देश शेवटी टाकायचा असतो, एवढंही बिचारीला माहीत नाही.

शीर्षक वाचलं, 'संशोधनाची संधी : कागदावर आणि प्रत्यक्षात'. बरं आहे. लेखकाच्या जागी एकटीचंच नाव होतं. मी दुरुस्ती केली, डॉ. नंदिनी आधी, मग तिचं. मार्गदर्शकाचं नाव आधी, ही रीतच आहे. आणि जूनमध्ये माझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे, त्याला एक ताजा पेपर लागतोच.

रात्री जेवताना गौरांगनं विचारलं, "वाचला का तू तो?"

नवऱ्याला बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या कामात फार रस आहे. म्हटलं, गाइडनं वाचायचं नसतं, दिशा द्यायची असते.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आपल्याच कॉलेजात फेब्रुवारीत अर्थशास्त्राची परिषद आहे, आणि दीक्षाचा, म्हणजे आमचा, निबंध स्वीकारला गेला. अध्यक्ष म्हणून पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. गोपिका येणार. त्यांच्या संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने संशोधनाला एक विद्यार्थी घेणार आहेत, राहण्याजेवणाची सोय करून. पण जो विद्यार्थी परिषदेत स्वतः निबंध वाचेल, त्यालाच.

दीक्षा स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, मी वाचू का निबंध?"

मी तिला खुर्चीवर बसवलं. सांगितलं, अगं, मोठी माणसं असतात, प्रश्न विचारतात. तुझी भाषा अजून घरची आहे. मंचावर घाबरशील.

"मले नाही वाटत भीती."

"बघ, 'मले' म्हणालीस."

ती म्हणाली, "मॅडम, बाबाचं कंत्राट मार्चमध्ये संपते. मामानं सावनेरले फायनान्सच्या ऑफिसात माझं काम पाहून ठेवलं हाय. घरी ठरलं हाय, पुण्याचं झालं तं पुढं एम.ए. नाही झालं तं जूनपासून तिथं बसायचं. म्हणून विचारून राहिली मी."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण भावना एकीकडे आणि परिषद एकीकडे. यजमान कॉलेजचा निबंध बी.ए.ची मुलगी वाचणार म्हणजे विभागाची शोभा. शिवाय मुलाखतीला 'सादरीकरण' वेगळं धरतात. मी तिला तिच्या योग्यतेचं काम दिलं, लॅपटॉपवर बसून स्लाइड बदलायचं. गोपिका मॅडमना मी तोंडी सांगेन तुझ्याबद्दल, असंही म्हटलं.

जाताना म्हणाली, "निबंध वाचला का तुम्ही?"

सगळ्यांना हाच प्रश्न का पडतो, कळत नाही.

दारामागे पियुष होता. तिला म्हणत होता, "काहून वं, नाही म्हणली?" ती म्हणाली, "नाही म्हणली. स्लाइड माह्याकडे हाय पण." पोरगी समजूतदार आहे. मिळालं त्यात समाधान मानते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहून टाकते.

पैठणी नेसले होते. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत प्रिन्सिपल सर, मधोमध गोपिका मॅडम, साध्या सुती साडीत. दीक्षा मंचाच्या कडेला लॅपटॉपपाशी.

प्रस्तावना उत्तम वाचली. माझा आवाज मुळात खणखणीत. 'वंचित विद्यार्थ्यांसाठीच्या योजना मोजताना किती विद्यार्थी घेतले हे मोजलं जातं. त्यांना काय करायला लावलं हे मोजलं जात नाही.' वाक्याला दाद मिळाली. मी मान लववली. मग 'नागपुरातल्या एका महाविद्यालयात' असं आलं, तेही वाचलं.

पुढची स्लाइड. उभ्या पट्ट्यांचा आलेख. सगळ्यांत उंच पट्टीखाली लिहिलेलं, चहा, नाश्ता, खुर्च्या, बॅनर. त्याच्याखालोखाल, मार्गदर्शकांच्या फायली. मग नकाशा दिसणारे फोटो. कडेला एक एवढीशी पट्टी होती, ती दिसायला मला चष्मा सारखा करावा लागला. संशोधन.

मी मोठ्यानं वाचत होते आणि मनात म्हणत होते, कुठलं बाई हे कॉलेज, काही लाजलज्जा? आवाजात थोडी चीडही आणली. मग 'स्वागतगीताचा सराव' हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी थांबले.

सभागृहात मागे कोणीतरी खाकरलं.

"पुढची," मी दीक्षाला म्हटलं. तिनं पुढची लावली. तीत मुलांचं म्हणणं होतं, त्यांच्याच शब्दांत. 'संत्री आणली का, हे मले दर शनिवारी विचारतात. विषयाचं कुठवर आलं, हे एकदाबी नाही विचारलं.' खाली, एक विद्यार्थी, खापा. दुसरं, 'ग्रंथालय हाय. किल्ली मॅडमकडं हाय.' हे मी वाचलं नाही, पण पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात होतं की मी वाचायची गरज नव्हती. लोक हसले. प्रिन्सिपल सर हसले नाहीत.

दीक्षाकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी.

गोपिका मॅडमनी माइक ओढला. "हा अभ्यास तुमचा का, डॉक्टर?"

काय झालं मला ठाऊक नाही. तोंडून निघून गेलं, "नाही. छे. हे सगळं या मुलीचं आहे. विषय तिचा, माहिती तिची, लिखाण तिचं. माझा याच्याशी काडीचा संबंध नाही. मी तर हा वाचलेलाही नाही."

"मग तिलाच बोलू द्या की," त्या म्हणाल्या.

दीक्षा उठून माइकपाशी आली. दोघींना उभं राहायला तिथं जागा नव्हती, म्हणून मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती अर्धा तास बोलली. कागद हातात घेतला नाही. मधूनमधून म्हणायची, "मॅडम, पुढची," आणि मी बटण दाबायची.

अमरावतीचे एक सर उठले, म्हणाले, नमुना फार लहान आहे. ती म्हणाली, "लहान हाय सर, मान्य. पण योजनेत आमी सहाच जण हाओत, अन् सहाच्या सहा घेतले. सातवा कुठून आणू?" लोक पुन्हा हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं.

त्यांनीच विचारलं, समन्वयकांनी हे हेतुपुरस्सर केलं, असं तुमचं म्हणणं आहे का?

मी टेबलाकडे बघत होते.

"नाही सर," ती म्हणाली. "मॅडमनं मुद्दाम काहीच केलं नाही. मुद्दाम असतं तं सोपं होतं, एकदा सांगितलं असतं अन् थांबलं असतं. जो समोर रिकामा दिसते त्याले काम सांगतात. आमी नेहमी रिकामे दिसतो. दिसतो काहून, हे पुढं शोधायचं हाय."

टाळ्या किती वेळ वाजत होत्या. गोपिका मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. जेवणाच्या रांगेत प्रिन्सिपल सर माझ्या मागे उभे होते, म्हणाले, "वाचायला हवा होता हो मॅडम एकदा." त्यांनी स्वतः आजवर काय वाचलंय, ते मला माहीत आहे.

घरी येऊन गौरांगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मग माझा चेहरा पाहून त्यानं खिचडी टाकली.

९ फेब्रुवारी, रविवार

तिनं मला तीनदा सांगितलं होतं. सप्टेंबरात, नोव्हेंबरात, जानेवारीत. म्हणजे यात तिची चूक नाही असं गौरांगचं म्हणणं. मग चूक कोणाची, असं मी विचारलं, तर तो सकाळचा पेपर वाचायला लागला.

पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली. बस, आज एवढंच लिहिते.

१ मार्च, शनिवार

पुण्याची जागा दीक्षाला मिळाली. गोपिका मॅडमचं पत्र कॉलेजला आलं. परिषदेतल्या निवडक निबंधांचं पुस्तक त्या काढताहेत, त्यात हाच निबंध पहिला आहे, असंही कळवलंय.

प्रिन्सिपल सरांनी लगेच फलकावर लावलं, 'डॉ. नंदिनी यांच्या अंकुर योजनेचं घवघवीत यश'. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी अभिनंदन केलं. पहिल्या दोघांना मी खरं काय ते सांगायला गेले, तिसऱ्यापासून नुसतं थँक्यू म्हटलं.

विचार करता वाटतं की त्या दिवशी मी जे बोलले ते फार मनाचा मोठेपणा होता. कुठला गाइड भर सभेत सगळं श्रेय विद्यार्थिनीला देतो? माझ्या गाइडनं दिलं होतं का? मुलाखतीत हे नीट मांडता येईल. पुस्तकात नाव मात्र हवं. आधी नसलं तरी चालेल. दुसरं चालेल.

१७ मे, शनिवार

ऊन मी म्हणतंय. हुडकेश्वरच्या घरून कॉलेजला येईपर्यंत जीव जातो. कॉलेजात कोणी नव्हतं. अकराच्या सुमारास दीक्षा आली, उद्या पुण्याला निघते आहे म्हणून. सोबत वडील होते. उंच, सडपातळ माणूस, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. वडिलांचं कंत्राट संपलंय, तरी मामाच्या त्या ऑफिसला नकार कळवून टाकला, असं ती म्हणाली.

मी बरंच काही सांगितलं. पुण्यात कसं राहावं, कोणाशी कसं बोलावं. ती ऐकत होती. मग मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "पुस्तकाचं प्रूफ आलं असेल ना. मार्गदर्शक म्हणून माझं नाव दुसरं टाक. पहिलं नको. दुसरं."

"मॅडम, ते नाही होणार."

"नियमात लागतं ते."

"लागत नाही. मी विचारलं गोपिका मॅडमले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "अन् तुम्हीच माइकवर म्हणल्या ना, काडीचा संबंध नाही. व्हिडिओ हाय त्याचा. आता नाव टाकलं तं कोणीतरी खोटं पडन. तुम्ही नाही तं मी."

"अगं, ते मी त्या क्षणी, भावनेच्या भरात बोलले."

"मले तं वाटलं," ती म्हणाली, "वर्षभरात तुम्ही पहिल्यांदा निबंधाबद्दल खरं बोलल्या. तेव्हाच मले तुमचा राग यायचा थांबला."

म्हणजे इतके दिवस येत होता. मला ते माहीतच नव्हतं. दर शनिवारी ती माझ्यासमोर येत होती, गात होती, फायली लावत होती, आणि मी समजत होते की पोरगी आनंदात आहे. मला फार वाईट वाटलं. माझी मुलाखत तीन आठवड्यांवर आहे आणि त्या क्षणी मला ती आठवलीसुद्धा नाही, हे मी इथं लिहून ठेवते, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

ती उठली. मला वाटलं आता वाकेल, म्हणून आशीर्वादाला माझा हात आपसूक वर गेला. ती वाकली नाही. तिनं हात पुढे केला, बरोबरीच्या माणसासमोर करतात तसा. माझा हात वर तसाच राहिला होता, तो मी खाली आणला आणि तिच्या हातात दिला.

तिचा हात कोरडा होता. घाम माझ्या तळव्याला होता. बाहेर तिचे वडील दाराकडे बघत उभे राहिले होते, त्यांनी हे पाहिलं.